झाडांच्या भरवशावर

माझ्या मुलीला मी बर्फाखालून खणून काढलं, त्याला आता दोन हिवाळे उलटले. बरेच दिवस हे मी कुणाला नीटसं सांगितलं नव्हतं. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकच्या ऑफिसात लोकांना एवढंच ठाऊक होतं की मी स्कॉटलंडला सुट्टीवर गेलो होतो आणि मुलीचं हाड मोडलं म्हणून आठवडाभर जास्त राहिलो. नागपूरला आईला तर तेवढंही कळवलं नाही. परवा मुलगीच फोनवर म्हणाली की बाबा, तू हे लिहून ठेव. म्हणून लिहितोय.

मी नागपूरचा. आमच्याकडे मे महिन्यात खिडकीला वाळ्याचे पडदे लावून, त्यावर पाणी मारून माणसं दुपार काढतात. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो चौतिसाव्या वर्षी, वर्क व्हिसावर इथे आलो त्या हिवाळ्यात. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. पुढे ती इथल्याच शाळेत शिकली, शाळेच्या ट्रिपला जाऊन स्कीइंग शिकली आणि मग फॉरेस्ट्री शिकायला म्हणून जी स्कॉटलंडला गेली ती तिकडचीच झाली. आता ती केर्नगॉर्म डोंगरांच्या पायथ्याशी एका प्रोजेक्टवर काम करते. तिथलं मूळचं पाइन आणि बर्चचं जंगल पुन्हा उभं करायचं, रोपं लावायची, हरणांपासून ती राखायची, असं ते काम. झाडांबद्दल ती मराठीत बोलते तेव्हा प्रत्येक झाड पुल्लिंगी होतं. "हा झाड खूप जुना आहे." मी सुधारत नाही. सुधारलं की ती इंग्रजीवर जाते.

स्कीइंग मला तिनेच शिकवलं, तेही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, शुगर काठावर आहे म्हणून सांगितलं होतं आणि जिमचा मला कंटाळा. घरापासून अर्ध्या तासावर प्लास्टिकच्या ब्रशांनी मढवलेला एक उतार आहे, तिथे ती मला घेऊन गेली. पहिल्या दिवशी मी इतक्या वेळा पडलो की कोपरं सोलवटून निघाली. पण मला ते आवडलं. हळूहळू मी खऱ्या बर्फावरही बरा घसरायला लागलो आणि मग तिने मला तिच्या आवडीच्या प्रकारात ओढलं. त्यात लिफ्ट नसते, आखलेले उतार नसतात. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे स्की मागे सरकत नाही, आणि आपल्या पायांनी डोंगर चढायचा. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या आणि झाडांमधून खाली यायचं. दोन तास चढायचं आणि दहा मिनिटांत उतरायचं. बायकोला यात काय मजा आहे ते कधीच कळलं नाही. ती हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि मोडलेल्या माणसांची प्रिस्क्रिप्शन्स रोज बघते.

त्या वर्षी क्रिसमसला मुलगी घरी आली ती दोन पिवळी यंत्रं घेऊन. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. ट्रान्सीव्हर. ते छातीला बांधायचं, ते सतत सिग्नल पाठवत राहतं. कुणी बर्फाखाली गाडलं गेलं तर दुसऱ्याने आपलं यंत्र सर्चवर टाकायचं आणि अंतराचे आकडे कमी होत जातील तसं शोधत जायचं. त्याच्यासोबत घडीची लांब काठी, म्हणजे प्रोब, आणि ॲल्युमिनियमचं फावडं. हे वापरता आल्याशिवाय तुला वर नेणार नाही, असं तिने सरळ सांगितलं.

मग आठवडाभर रोज सकाळी आम्ही आमच्या इथल्या पार्कात. ती एक यंत्र जेवणाच्या डब्यात घालून पाल्याच्या ढिगाऱ्यात पुरायची आणि मी दुसरं हातात धरून रग्बीच्या मैदानाभोवती फिरायचो. कुत्री फिरवणारे लोक थांबून विचारायचे, काही हरवलंय का. बायको फ्लास्क घेऊन बाकावर बसलेली असायची, पण आमच्याकडे बघायची नाही. पहिल्या दिवशी मला अकरा मिनिटं लागली. डबा सापडला तेव्हा मी हसत वर पाहिलं. मुलगी हसत नव्हती.

"बाबा, मी मेली," ती म्हणाली. "परत कर."

आठवडा संपेपर्यंत मी साडेतीन मिनिटांवर आलो.

फेब्रुवारीत मी सुट्टी काढून तिच्याकडे गेलो. एका मैत्रिणीबरोबर ती छोट्या कॉटेजमध्ये राहते, मैत्रीण तेव्हा गावाला गेली होती. पहिले दोन दिवस नुसता वारा आणि गारठलेला पाऊस. आम्ही घरात बसून पत्ते खेळलो. तिसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागला तो चौथ्या दिवशी संध्याकाळी थांबला, आणि नैर्ऋत्येचा वारा इतका जोरात होता की बर्फ आडवा पडत होता. पाचवा दिवस उजाडला तो लख्ख. माझा तो शेवटचा पूर्ण दिवस होता.

तिने सकाळी चहाबरोबर हिमस्खलनाचा अंदाज उघडला. तिकडे हिवाळ्यात तो रोज निघतो. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, त्या दिवशी तिसरी होती, नारिंगी. वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला नेऊन साठवला होता, म्हणजे ईशान्येकडच्या उतारांवर. असा साठलेला थर खालच्या बर्फाला नीट चिकटलेला नसतो, फरशीसारखा एकसंध असतो आणि एक माणूस त्यावर आला तरी तुटून घसरू शकतो. हे सगळं तिने मला नकाशा दाखवून समजावलं आणि म्हणाली, आज वर जायचं नाही. खालच्या पाइनच्या जंगलातून सपाट वाट आहे, तिथे जाऊ.

आम्ही गेलो. फार सुंदर सकाळ होती. जुन्या पाइनच्या फांद्यांवर बर्फाचे जाड थर, मध्येच एखादा सुटून पडायचा आणि बराच वेळ हवेत भुकटी तरंगत राहायची. ती पुढे, मी मागे. प्रत्येक मोठ्या झाडाशी थांबून ती त्याचा इतिहास सांगत होती. मी तिच्याकडे बघत होतो. आपल्याला कळत नाही अशा विषयात आपलं पोर इतकं मुरलेलं पाहण्यात जे सुख असतं, ते मी त्या सकाळी पोटभर घेतलं.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पाइन संपतात तिथे बर्चचा एक उतार सुरू होतो. बर्च म्हणजे पांढऱ्या सालीचं सडपातळ झाड, हिवाळ्यात निष्पर्ण. उतार फार उंच नव्हता, आमच्या ऑफिसच्या इमारतीच्या तिप्पट म्हणा. झाडांमध्ये छान अंतर होतं आणि मधला बर्फ अगदी कोरा, गुडघाभर, एकही खूण नसलेला. सहा वर्षं मी ज्याच्यासाठी धडपडलो होतो तो हाच बर्फ. मी थांबलो आणि तिला विचारलं की इथे काय हरकत आहे.

तिने होकायंत्र काढलं. उतार ईशान्येकडे तोंड करून होता. तिने मान हलवली.

"अगं, झाडं आहेत की," मी म्हणालो. "झाडं बर्फ धरून ठेवतात ना?"

"एकदम दाट असली तर धरतात," ती म्हणाली. "इथे आपण मधून स्की करू शकतो. मग बर्फ पण मधून जाऊ शकतो."

मी वाद घातला नाही. मी गप्प झालो. बायकोला विचारा, माझं गप्प होणं म्हणजे काय असतं. मी स्कीच्या काठीने बर्फ उकरत बसलो आणि थोड्या वेळाने, जणू सहज, म्हणालो की चल मग परत जाऊ, पुढच्या वर्षी माझा गुडघा राहतो की नाही कुणास ठाऊक. गुडघ्याला माझ्या काहीही झालेलं नव्हतं.

ती बराच वेळ उताराकडे बघत होती. एका बाजूने वर जाणारी एक धार होती, तिथे वाऱ्याने बर्फ उडून गेलेला आणि दगड दिसत होते. शेवटी ती म्हणाली की धारेवरून अर्ध्यापर्यंत चढू, वरचा भाग नको, आणि उतरताना डाव्या कडेने, एका वेळी एकच माणूस. ती आधी जाणार. खालून तिची हाक ऐकू येईपर्यंत मी हलायचं नाही.

मी लगेच हो म्हणालो. मला झालेला आनंद मला अजून आठवतो आणि त्याची लाज वाटते.

चढायला अर्धा तास लागला. मी धारेवर एका खडकापाशी उभा राहिलो. तिने पट्ट्या काढल्या, हेल्मेट घट्ट केलं, आणि गेली. एक वळण, दुसरं, तिसरं. बर्फ तिच्या कमरेपर्यंत उडत होता. चौथ्या वळणाला धप्प असा एक आवाज झाला, मोठा नाही, जड गादी जमिनीवर पडावी तसा. माझ्या पायापासून थोड्या अंतरावर बर्फात एक रेघ धावत पार उताराच्या माथ्यापर्यंत गेली आणि रेघेच्या खालचा सगळा बर्फ जागचा हलला. आधी सावकाश. त्याचे तुकडे पडले, मग ते तुकडे एकमेकांवर चढले, आणि झाडांच्या मधून ते सगळं पाण्यासारखं वाहू लागलं. तिचं लाल जॅकेट मला दिसत होतं. ती कडेला निसटायचा प्रयत्न करत होती. दोन बुंधे असलेल्या एका बर्चपाशी जॅकेट दिसलं, आणि मग दिसलं नाही.

नंतर अगदी शांत झालं.

मी तिला एकदा हाक मारली. मग तिने शिकवलं होतं ते आपोआप सुरू झालं. वर बघ, आणखी काही येणार आहे का. वर बर्फ उरलाच नव्हता, घासून काढल्यासारखा गुळगुळीत थर तेवढा राहिला होता. शेवटची कुठे दिसली ती जागा लक्षात ठेव. दोन बुंधे. एकटा असशील तर फोन नंतर, आधी शोध. मी स्कीच्या कडा रोवत आडवा आडवा उतरलो आणि बरंच खाली आल्यावर लक्षात आलं की माझं यंत्र अजून सिग्नल पाठवतंच आहे, मी ते सर्चवर टाकलंच नव्हतं. हातमोजा दातांनी ओढून काढला. बटण दोनदा निसटलं. मग आकडा आला. एकतीस.

पार्कात आकडे पाहताना मला गंमत वाटायची. इथे एकतीस म्हणजे ती एकतीस मीटरवर होती, एवढंच. सव्वीस, बावीस. अठरावर असताना तिची एक स्की बर्फातून वर आलेली दिसली. मी धावत जाऊन ती ओढली. ती सुटून हातात आली, खाली कुणी नव्हतं. मी तरीही तिथे हातांनी उकरायला लागलो. किती वेळ उकरलं सांगता येत नाही, पण मला माझाच आवाज ऐकू आला, मी "अठरा, अठरा" असं म्हणत होतो, आणि त्या आवाजाने मी शुद्धीवर आलो. यंत्र सांगत होतं की ती इथे नाही. मी उठलो.

नऊ. पाच. मग यंत्र अगदी बर्फावर टेकवून डावीकडे, उजवीकडे. एक पूर्णांक दोन. तिथून आकडा कमी होईना. मी प्रोब जोडला आणि खुपसला. काहीतरी टणक लागलं, ते मूळ होतं. थोडं बाजूला घेऊन पुन्हा खुपसला. या वेळी जे लागलं ते मऊ होतं आणि किंचित दबलं. ते हाताला कसं लागलं ते मला नीट सांगता यायचं नाही. मी प्रोब तसाच रोवून ठेवला आणि उताराच्या खालच्या बाजूने खणायला लागलो. घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, हे मला वाचून माहीत होतं. खणताना कळलं.

आधी हेल्मेट लागलं. मग गाल. ती एका बर्चच्या बुंध्याला अडकून वाकडी झाली होती आणि तिचा डावा हात चेहऱ्यासमोर होता. त्या हातामुळे तोंडापुढे ओंजळभर पोकळी राहिली होती. ओठ निळसर दिसत होते. मी बोटाने तिच्या तोंडातला बर्फ काढला, मग छातीवरचा बर्फ खणला. मला वाटतं मी नुसतं "बाळा, बाळा" म्हणत होतो. ती मोठ्याने खोकली.

पुढे बराच वेळ ती नुसती श्वास घेत होती आणि मी ऐकत होतो. मग मी तिला वर ओढायला गेलो.

"बाबा, तो हात ओढू नको," ती म्हणाली. "तुटलाय." आणि थोडं थांबून, "तुझा ट्रान्सीव्हर परत सेंडवर टाक."

मी टाकला. घड्याळात पाहिलं तर सगळं मिळून नऊ मिनिटं झाली होती.

फोनला रेंज होती. मी माउंटन रेस्क्यूला बोलावलं. डोंगरावर ढग उतरायला लागले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं, माणसं चालत येणार होती, दीड तास तरी लागेल म्हणाले. मी तिला पाइनच्या आडोशाला आणलं, दोघांच्या पिशव्या खाली घातल्या, सगळे कपडे तिच्यावर चढवले आणि नारिंगी तंबूसारखी जी आपत्कालीन पिशवी असते तिच्यात आम्ही दोघं शिरलो. ती थडथड कापत होती आणि तिला झोप येत होती. तिला जागं ठेवायचं म्हणून मी तिला मराठीत आकडे म्हणायला लावले. लहानपणी त्यावरून आमची फार भांडणं व्हायची. अठ्ठावन्नपर्यंत ती नीट आली. मग थांबली आणि म्हणाली, "नऊपन्नास."

"एकोणसाठ," मी म्हणालो.

"म्हणजे साठच्या आधीच साठ? हा कसला सिस्टीम आहे?"

मी हसायला लागलो आणि हसता हसता रडलो. तिने उजव्या हाताने माझा हात धरला आणि पुढे म्हणायला लागली, साठ, एकसष्ट. शंभरपर्यंत आम्ही तीनदा गेलो.

रेस्क्यूची माणसं आली ती एकामागून एक, झाडांमधून शांतपणे. सगळे स्वयंसेवक, आपापली कामं सोडून आलेले. त्यांची प्रमुख साठीची बाई होती, एरवी प्राथमिक शाळेत शिकवते असं नंतर कळलं. तिने मुलीला तपासलं, खांदा बांधला, स्ट्रेचर जोडायला लावलं, आणि मला काय काय घडलं ते क्रमाने विचारलं. मी ओरडा खायची तयारी करून बसलो होतो. तिने सगळं ऐकून घेतलं, खणलेल्या खड्ड्याकडे पाहिलं आणि म्हणाली की तुम्ही चांगलं खणलंत. मी म्हणालो की मला वाटलं झाडांमध्ये भीती नसते. त्यावर ती म्हणाली की ते सगळ्यांनाच वाटतं, तिलाही एके काळी वाटायचं. मग तिने मला साखर घातलेला चहा प्यायला लावला. शुगरचं तिला सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही.

हात मोडला नव्हता, मोडलं होतं ते कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं हाड, आणि दोन बरगड्या. बाकी काही नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून मी बायकोला फोन केला. आधी सांगितलं की ती ठीक आहे, मग सगळं सांगितलं.  बायकोने एकच विचारलं.

"कुणाच्या म्हणण्यावरून गेलात तिथे?"

"माझ्या," मी म्हणालो.

ती म्हणाली की सकाळच्या विमानाने येते, आणि फोन ठेवला. ती आली तोवर मुलीला कॉटेजवर सोडलं होतं. आल्यावर तिने मला जवळ घेतलं, पण पुढचे दोन दिवस मुलीच्या खोलीतून ती हलली नाही आणि माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते योग्यच होतं. मी कॉटेजच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत राहिलो. आमच्या घरात पोळ्या मीच बऱ्या करतो.

चौथ्या दिवशी बायको दुकानात गेली असताना मी मुलीच्या पलंगाशी बसलो आणि मनात जुळवून ठेवलेलं बोलून टाकलं, की चूक माझी, सगळी माझी. ती ऐकून चिडली. आजारी माणसाला चिडता येईल तितकी.

"असं नको करू," ती म्हणाली. "डिसिजन माझा होता. ते छोटे बर्च बघितले होते मी, सगळे खाली वाकलेले, वरच्या बाजूला फांद्याच नाहीत. म्हणजे तिथे आधी पण बर्फ येऊन गेलाय. मला माहीत होतं. तू सगळं तुझ्याकडे घेतलंस तर मी काय शिकणार?"

मी विचारलं की मग तू "नाही" असं का म्हणाली नाहीस.

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तू भांडला असतास तर मी नाही म्हटलं असतं. तू गप्प झालास. तू इतक्या लांबून आला होतास."

माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल मला कुणी इतकं खरं सांगितलेलं नाही. माझे वडील असेच गप्प व्हायचे आणि घर त्यांच्या मनासारखं चालायचं. मी तसा नाही, अशी माझी समजूत होती. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून एक नियम केला. डोंगरावर दोघांपैकी कुणीही नाही म्हणालं की विषय संपला, कारण द्यायची गरज नाही. आणि दुसऱ्याने रुसायचं नाही. रुसणं म्हणजे काय तेही तिने नीट ठरवून घेतलं. गप्प बसणं, गुडघ्याबद्दल बोलणं, पुढच्या वर्षीबद्दल बोलणं. बायको पिशव्या घेऊन परत आली तेव्हा मुलीने तिला तो नियम सांगितला. बायको म्हणाली की हा घरातही लागू करा. त्या दिवसापासून ती माझ्याशी पुन्हा धड बोलायला लागली.

हाड नीट जुळलं. मेमध्ये ती एका हाताने का होईना, रोपं लावत होती. जूनच्या शेवटी आम्ही दोघं नवरा-बायको तिच्याकडे गेलो आणि एका दुपारी तिघं चालत त्या उतारावर गेलो. बायकोनेच हट्ट धरला होता. मला वाटलं होतं की मला तिथे उभं राहवणार नाही. पण तो उतार ओळखूच आला नाही, सगळीकडे गवत आणि ब्लूबेरीची झुडपं, चावऱ्या बारीक माश्यांचे थवे. पाच-सहा बर्च मोडून पडले होते, काहींची साल माझ्या डोक्याइतक्या उंचीवर सोललेली होती. मुलगी टेप काढून त्यांची मापं घेऊन वहीत लिहायला लागली, कामच ते तिचं. मोडलेल्या एका बुंध्याच्या तळाशी हिरवे कोंभ फुटले होते, वीतभर. बर्चला असे कोंभ फुटतातच, बाबा, हरणांनी खाल्ले नाही तर दहा वर्षांत पुन्हा झाड, असं ती म्हणाली. बायकोने तिला विचारलं की हरणांनी खाऊ नये म्हणून काय करतात. मग त्या दोघींनी पडलेल्या फांद्या ओढून आणून त्या कोंभांभोवती काटेरी कुंपणासारखं काहीतरी उभं केलं. तासभर लागला. मी फांद्या आणून देत होतो.

पुढच्या हिवाळ्यात मी एकटाच दोन दिवसांच्या कोर्सला गेलो. हिमस्खलन कसं ओळखायचं, कसं टाळायचं याचा. आम्ही सहा जण होतो, मी सोडून सगळे तिशीच्या आतले. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाने आम्हाला एका विरळ झाडांच्या उतारापाशी नेलं आणि म्हणाला की तुम्ही ठरवा, मी बोलणार नाही. पाच जण जायला तयार होते. बर्फ खणून पाहिलं होतं, फार वाईट नव्हता. हवा छान होती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, एवढ्या मुलांचा दिवस हा म्हातारा बिघडवतोय.

मी म्हणालो की मला नाही जायचं.

एका मुलाने कारण विचारलं. वाऱ्याची दिशा, वाकलेली रोपं, हे सगळं मी सांगू शकलो असतो. पण मी एवढंच म्हणालो की कारण नंतर सांगतो, आत्ता नाही. तो नाराज झाला, तोंड फिरवून उभा राहिला. बाकीच्यांनी पट्ट्या पुन्हा लावल्या. आम्ही दुसऱ्या, मंद उतारावरून खाली आलो. तो पहिला उतार त्या दिवशी घसरला नाही, त्यानंतरही घसरल्याचं ऐकलं नाही. माझं बरोबर होतं की चूक, हे कधीच कळणार नाही. खाली आल्यावर मी त्या मुलाला माझ्या मुलीची हकीकत सांगितली. तो ऐकत राहिला, आणि निघताना त्याने प्रोब पटकन कसा जोडायचा ते मला पुन्हा दाखवायला सांगितलं.

मार्चमध्ये मी आणि मुलगी पुन्हा बाहेर पडलो, अपघातानंतर पहिल्यांदाच. तिचा डावा खांदा थंडीत अजून आखडतो. त्या दिवशी धोका सर्वांत खालच्या पायरीवर होता, तरी तिने दोन ठिकाणी खणून पाहिलं आणि मीही पाहिलं. मग तिने मला विचारलं की काय वाटतं. मी वर, खाली, झाडांकडे नीट बघितलं आणि हो म्हणालो. ती म्हणाली की तिलाही हो वाटतं, पण या वेळी बाबा, तू आधी जा.

मी गेलो. पहिलं वळण फार जपून घेतलं, दुसरं थोडं मोकळेपणाने. खाली पाइनच्या झाडांपाशी पोचून मी वळून पाहिलं आणि हात वर केला. तिने वरून हात वर केला, आणि निघाली.